बांधाखालून गेलेला पाइप

वहिनीचा फोन आला तेव्हा श्रावणी सोमवारची खिचडी गॅसवर होती. "ताई, तुमच्या मोरीतून पाणी उलटं वर येतंय. वासानं अंगणात उभं राहवत नाही. तुम्ही या." वहिनी एरवी 'सवडीनं या' म्हणते. त्या दिवशी नुसतं 'या' म्हणाली. मी गॅस बंद केला आणि नाशिकहून निघाले. चांदोरी मागे पडेपर्यंत पाऊस होता.

मळ्यातलं हे घर निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या अलीकडे. वडील गेल्यापासून माझ्या नावावर आहे. अंगण ओलांडलं की चुलतभावाचं, दादाचं घर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला दोन्ही घरांची नोंद वेगळी, घरपट्टी वेगळी. विहीर सामाईक, तिची नोंद सातबाऱ्यावर आहे. सेप्टिक टाकी मात्र कुठल्याच कागदावर नाही. टाकी माझ्या परसात आहे. दोन्ही घरांचं संडासाचं पाणी तिच्यात उतरतं. तिच्यातून निघालेला पाइप माझ्या अंगणाखालून, मग बांधाखालून, दादाच्या द्राक्षबागेच्या कडेनं जातो आणि विहिरीच्या अलीकडच्या शोषखड्ड्यात पडतो. सत्तर फूट पाइप, त्यातला पंचवीस फूट माझ्याकडे आणि पंचेचाळीस दादाकडे. ही मापं मला त्या आठवड्यात कळली. तोवर तो पाइप जमिनीखाली आहे हेच आम्ही सगळे विसरून गेलो होतो.

टाकी १९९४ सालची. आई आणि काकू, दोघी जावांनी मिळून मागून घेतलेली. त्याआधी आमच्या घरातल्या बायका पहाटे चारला, उजाडायच्या आत, उसाच्या कडेला जायच्या. दिवसा पोटात कळ आली तरी अंधार पडेपर्यंत थांबायच्या. मीही थांबलेली आहे, त्यामुळे ते सांगताना आजही माझा आवाज बदलतो. एका पावसाळ्यात काकूच्या पायाजवळून साप गेला. त्या रात्री दोघी चुलीपाशी बसून बोलल्या आणि सकाळी त्यांनी वडिलांना आणि काकांना सांगितलं, संडास झाल्याशिवाय यंदा दिवाळीचा फराळ होणार नाही. दिवाळीच्या आत संडास झाला. दोन संडास, टाकी एक, कारण पैसे एकाच टाकीचे होते. अंगणात हातभर खाली कडक मुरूम लागला, पहार चालेना, म्हणून तिथे पाइप फूटभर खोलीवरच राहिला. चिनी मातीचे दोन-दोन फुटांचे तुकडे, सिमेंटनं सांधलेले. 'दहा फुटाला दोन इंच उतार' असं काका तोंडानं म्हणत होते आणि वडील दोरी धरून उभे होते, हे मला लख्ख आठवतं.

पुढे दहा वर्षांनी वाटणी झाली. गोडीनं झाली. भांडी, बैल, विहिरीच्या पाळ्या, आंब्याची झाडं, सगळं वाटलं गेलं. पाइप वाटायचा राहिला.

गेल्या आषाढात दादाच्या धाकट्यानं शेडसाठी मुरूम आणला. त्यांच्या फाटकातून ट्रॅक्टरची ट्रॉली वळेना. त्यानं मला फोन केला, "आत्या, तुमच्या अंगणातून नेऊ का?" मी म्हटलं, "ने की, विचारतोस काय!" जमीन ओली होती, ट्रॉली भरलेली, आणि चार खेपा झाल्या. पाइप तिथे खचला. पंधरा दिवस टाकी तुंबत राहिली आणि सोमवारी पाणी माझ्या मोरीतून वर आलं.

अंगणात आम्ही दोघं उभे होतो. दादा म्हणाला, "पाइप तीस वर्षांचा होता ताई, आज ना उद्या जाणारच होता." मी म्हटलं, "ट्रॉली जाईपर्यंत चालत होता ना?" दोघांचंही खरं होतं, तरी दोघांच्याही आवाजाला धार आली. वहिनी पदर नाकाला लावून मधे उभी राहिली आणि म्हणाली, "आधी घाण थांबवा. मग काय बोलायचं ते बोला."

छपराच्या दुरुस्तीसाठी मी कर्ज काढलं होतं तेव्हा घराचा विमा उतरवला होता. 'भारत गृह रक्षा'. विमा नियामक प्राधिकरणानं १ एप्रिल २०२१ पासून आणलेली ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी. ती कपाटात होती, वाचलेली नव्हती. कंपनीच्या फोनवर पलीकडच्या मुलानं लगेच सांगितलं, "मॅडम, घराबाहेरच्या पाइपला कव्हर नसतं." त्या रात्री मी पॉलिसी पहिल्या पानापासून वाचली. घर म्हणजे नुसत्या भिंती आणि छप्पर असं तिच्यात नाही. त्याच जागेत असलेली आणि घराचा भाग म्हणून वापरली जाणारी कुंपणभिंत, फाटक, पडवी, पाण्याची टाकी, बायोगॅस, एवढंच काय सेप्टिक टाकीसुद्धा नाव घेऊन लिहिलेली आहे. नुकसान कशानं झालं तर भरपाई, तेही लिहिलेलं आहे: आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, जमीन खचणं, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं, आणि बाहेरून एखादी वस्तू, म्हणजे गाडी, झाड, भिंत, येऊन आदळणं. जमीन खचण्यात खोदकामामुळे किंवा निकृष्ट कामामुळे खचलेली जमीन धरत नाहीत. झाडाच्या मुळ्या, जुने सांधे, वर्षानुवर्षांची झीज, ही त्या यादीतली घटनाच नव्हे. शेजाऱ्याच्या जमिनीचं किंवा विहिरीचं आपल्यामुळे नुकसान झालं, तर त्याची जबाबदारीही ही पॉलिसी घेत नाही. मी पानाचा आणि कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला. लेखी अर्ज दिला की उत्तर लेखी द्यावं लागतं. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण फोनवरचं 'नाही' ऐकून गप्प बसलेली माणसं माझ्या माहितीत आहेत.

सर्व्हेअर आला तो तिशीचा मुलगा, मोटारसायकलवर, पाठीला सॅक. आम्ही अंगण उकरून ठेवलं होतं. तो चराशी उकिडवा बसला, फुटलेले तुकडे एकेक उचलून पाण्यानं धुतले आणि फरशीवर ओळीनं मांडले. मग दोन तुकडे माझ्या हातात दिले. एकाची तुटकी कड स्वच्छ, पिवळसर, कालच फोडल्यासारखी. दुसऱ्याची कड काळी पडलेली आणि तिच्यावर केसांसारख्या मुळ्यांचं दाट जाळं, इतकं दाट की पाइपाचा आकार त्यानं धरून ठेवला होता. "हा ट्रॉलीनं फुटलाय," तो म्हणाला, "आणि हा फार आधी. ही मुळं कशाची?"

मी मान वर केली. चरापासून चार पावलांवर आईचा शेवगा उभा होता. संडास बांधून झाल्यावर आईनं लावलेला. तो इतका का माजलाय याचं गावात कौतुक होतं. गावभर शेंगा वाटून उरायच्या.

सर्व्हेअरनं टेप लावला. ट्रॉलीच्या चाकोरीखाली फुटलेला अकरा फूट पाइप आणि दबलेलं चेंबर त्यानं आघाताच्या रकान्यात धरलं. मुळांनी खाल्लेले सांधे धरले नाहीत. बांधापलीकडचं काहीच धरलं नाही, कारण विमा उतरवलेली जागा माझी, तिकडची नाही. दोन महिन्यांनी नऊ हजार दोनशे रुपये खात्यात आले. एकूण काम पन्नास हजारांच्या घरात गेलं. तरी त्या मुलानं अन्याय केला असं मला वाटलं नाही. त्यानं जमिनीखाली काय घडलं ते नीट पाहिलं, जे आम्ही तीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

उरलेल्या चाळीस हजारांचं काय, हा प्रश्न घेऊन मी निफाडला वकीलमामांकडे गेले. खरं सांगायचं तर दादानं पैसे द्यावेत हे त्यांच्या तोंडून ऐकायला गेले. मामांनी १८८२ सालचा सुविधाधिकार कायदा काढला. एकाच्या जमिनीतून दुसऱ्याचं पाणी, वाट, नाली जाण्याचा हक्क म्हणजे सुविधाधिकार. वीस वर्षं उघडपणे, तंटा न होता, हक्कानं वापर चालू असेल तर तो पक्का होतो. वाटणी झाल्यापासून आमची वीस झाली होती, म्हणजे पाइप बंद करा असं दादा म्हणू शकत नाही. मामा पुढे वाचत गेले. पाइप दुरुस्त करायला दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन खणता येतं, पण जमीन होती तशी करून द्यावी लागते. दुरुस्तीचा खर्च ज्याचा हक्क त्याचा. आणि पाइपाची डागडुजी न केल्यामुळे त्या जमिनीचं नुकसान झालं, तर भरपाईही त्यानंच द्यायची. मामांनी चष्मा काढला. "पाइपात दोघांचं पाणी जातं, म्हणजे खर्च दोघांचा. ट्रॉलीचं म्हणशील, तर परवानगी कुणी दिली?"

मी परत मळ्यात गेले ती वेगळ्या डोळ्यांनी. बांधालगतच्या द्राक्षांच्या दोन ओळी बाकी बागेपेक्षा काळ्याभोर हिरव्या होत्या. पानं तळहाताएवढी, शेंडे थांबायचं नाव घेत नव्हते. दरवर्षी त्या ओळींत पाला जास्त आणि घड उशिरा पिकायचे. "आम्हाला वाटायचं तिथली मातीच खतवट," वहिनी म्हणाली. माती खतवट नव्हती, पाइप गळत होता. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. खाली वाळू-मुरुमाची गादी नसेल तर पाइपाचे सांधे दरवर्षी थोडेथोडे निखळत जातात.

मग विहिरीची काळजी लागली. शोषखड्डा विहिरीपासून तीस फुटांवर होता. पिण्याच्या पाण्यापासून तो किमान अठरा मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा असं आपलं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडचा काळा पाषाण भेगांचा असतो, भेग सापडली की घाण गाळली न जाता सरळ झऱ्यात उतरते. ग्रामपंचायतीतून पाणी तपासायची बाटली आणली. पाण्यात मैला उतरला असेल तर तिच्यातलं पाणी काळं पडतं. बोटभर उंचीची काचेची बाटली, खुणेपर्यंत पाणी भरायचं, हलवायचं आणि ठेवून द्यायची. दादाच्या देवळीत, गणपतीच्या तसबिरीशेजारी ती ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी राखाडी झालं, तिसऱ्या सकाळी शाईसारखं काळं. दादाची नात त्या महिन्यात दोनदा जुलाबांनी आजारी पडली होती. कुणी काही बोललं नाही. दादानं बाटली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. त्या क्षणानंतर पैसे कुणी द्यायचे यावर आमच्यात वाद झाला नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत घरात उकळलेलं पाणी वापरलं.

टाकी आधी रिकामी करायची होती. गवंडी म्हणाला, "दोन माणसं उतरवतो. दारूची बाटली लागली तर द्या, दोन हजारांत मोकळं." त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, आणि गावात आजवर असंच चालत आलंय. मी नाही म्हटलं. सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. टाकीत मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तीस लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं, आधी ही रक्कम दहा लाख होती. पण मी नाही म्हटलं ते कायद्याआधी. आतला वायू आधी नाकाचा वास मारतो. माणसाला वाटतं वास गेला, आता हरकत नाही, आणि पुढच्या दोन श्वासांत तो खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. वर्तमानपत्रात दोन-दोन, तीन-तीन माणसं एकाच टाकीत गेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. आणि उतरणारा माणूस कोणत्या वस्तीतून बोलावला जातो हे आपल्याला न सांगता माहीत असतं. आमच्या घरच्या बायकांच्या अब्रूसाठी बांधलेली टाकी होती ती. तिच्यात कुणाचा तरी मुलगा उतरवायचा, हे माझ्या आईला सहन झालं नसतं.

मग उपसणारी गाडी मागवली. दोन खेपांचे सहा हजार. पाइप सोडताना मी ड्रायव्हरला विचारलं, "हे ओतता कुठे?" तो म्हणाला, "बघू, ओढा आहे ना पुढे." तो ओढा कादवेला मिळतो आणि कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीत. तिथलं पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आमची घाण मी तिथे पाठवणार होते. सिन्नर नगरपरिषदेनं दर तीन वर्षांनी शहरातल्या टाक्या पाळीपाळीनं उपसायची पद्धत बसवली आहे आणि गाळावर प्रक्रिया करायला केंद्र उभारलं आहे. आमच्या मळ्यात तसं काही नाही. मी विचारात पडले तेव्हा दादाच पुढे आला. माळाकडच्या त्याच्या पडीक तुकड्यात, विहिरीपासून खूप लांब, जेसीबीनं खोल चर मारला, गाळ त्यात सोडला आणि वर दोन हात माती लोटली. जमीन त्याची होती. मी विचारलंही नव्हतं.

काम आठ दिवस चाललं. चार इंची पीव्हीसी, खाली वाळूची गादी, उताराला तीच काकांची दोरी. अंगणात जिथे मुरूम लागला तिथे या वेळी ब्रेकर लावून दोन फुटांपर्यंत खाली गेलो, वर काँक्रीटचा थर दिला. बांधाच्या दोन्ही अंगांना एकेक चेंबर, लोखंडी झाकणाचं, उचलता येईल असं. शोषखड्डा विहिरीपासून सत्तर फुटांवर नवीन खणला. विम्याचे पैसे वजा करून उरलेला खर्च निम्मा-निम्मा.

नंतर मी म्हटलं, लिहून ठेवू. दादाला ते लागलं. "आपल्यात कागद लागतोय का ताई आता?" त्याचं दुखणं मला कळत होतं. आमच्याकडे कागद होतो तो बिनसल्यावर, मोजणीदार बांधावर आला की. मी म्हटलं, "दादा, तुझ्या-माझ्यात नाही लागत. तुझा धाकटा आणि माझी लेक, त्यांच्यात लागेल. ती पुण्याला, तिला पाइप कुठून जातो हे कोण सांगणार?" तो गप्प राहिला, मग आत जाऊन चष्मा घेऊन आला. पाइपाचा नकाशा काढला, अंतरं फुटांत लिहिली. दर तीन वर्षांनी टाकी गाडीनंच उपसायची, माणूस उतरवायचा नाही. पाइपावरून जड वाहन न्यायचं नाही. पहिला मोठा पाऊस झाला की दोन्ही चेंबरची झाकणं दोन्ही घरच्यांनी मिळून उघडून बघायची. बिघाड झाल्यास खर्च अर्धा-अर्धा, पण एकाच्या कामामुळे मोडला तर त्याचा. घराचा विमा दोघांनीही उतरवायचा, म्हणजे बांधाच्या कुठल्याही अंगाला अपघात झाला तरी निदान काही हाताशी येईल. वकीलमामा म्हणाले, हा समजुतीचा कागद झाला. पुढच्या पिढीला पक्का हवा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका. ते या दिवाळीनंतर करणार आहोत.

शेवगा काढावा लागला. नव्या पाइपावर तो ठेवता येणार नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि मी शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला म्हटलं नाही. दादानंच कुऱ्हाड घेतली. पहिला घाव घालण्याआधी त्यानं खोडाला हात लावला. काकू गेल्यावर आईनं दादाला या झाडाच्या शेंगांच्या आमटीवर वाढवलं होतं, हे आम्हा दोघांशिवाय आता कुणाला आठवत नाही.

फांद्यांतली मनगटाएवढी एक सरळ फांदी त्यानं बाजूला ठेवली. संध्याकाळी ती घेऊन तो चेंबरपासून चालत निघाला, मोठ्यानं पावलं मोजत. तीस पावलांवर माळाकडच्या बांधावर थांबला, पहारीनं खड्डा घेतला, फांदी रोवली, पायानं माती दाबली. वहिनीनं ओल्या शेणाचा गोळा करून फांदीच्या वरच्या कापावर थापला. कार्तिकात मी गेले तेव्हा शेण वाळून तडकलं होतं आणि त्याच्या खालीच, सालीतून, तीन हिरवे डोळे फुटले होते.